गाडीचा विमा, सरकारी सॉफ्टवेअर आणि गांधी मार्केटचं पाणी

हिंदमाताकर | सोमवार, रात्री ११:४०

धागा लांबणार आहे. घाईत असाल तर वाखू (वाचनखूण) साठवा आणि शनिवारी वाचा.

गेल्या जुलैत एका संध्याकाळी माटुंग्याला गांधी मार्केटजवळ माझी गाडी पाण्यात अडकली. शेजारी सासरे, मागे बायको आणि तिच्या पायाशी आत्याकडून आणलेला अख्खा फणस. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं तेव्हा सासरे म्हणाले, "थांबू नका, रेस धरून ठेवा." धरली. तेवढ्यात समोरून एक बस गेली, तिची लाट बॉनेटवर आली आणि गाडी गपकन बंद. मी चावी फिरवली. खट् असा आवाज झाला. परत फिरवली. मग आवाजही नाही.

त्या दोन चाव्यांचा हिशोब वर्कशॉपने एक लाख चौऱ्याऐंशी हजार काढला. कनेक्टिंग रॉड वाकला होता. मी निवांत होतो, कारण गाडीला 'फुल इन्शुरन्स' होता. डीलरनेच काढून दिलेला, दरवर्षी न चुकता भरलेला. तिसऱ्या दिवशी सर्व्हेयरचा, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याचा, फोन आला. माणूस अगदी सभ्य. पाऊसपाण्याची चौकशी केली आणि बोलता बोलता विचारलं, "साहेब, बंद पडल्यावर परत सुरू करून बघितली असेल ना?" मी म्हणालो, हो, दोनदा. मला वाटलं मी किती प्रयत्न केले ते विचारतोय.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कार्पेट, सीटची सफाई आणि किरकोळ वायरिंगचे ११,३०० मंजूर. इंजिनाचं नुकसान हे 'परिणामी नुकसान', सबब देय नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकलम माझ्या पॉलिसीत नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा पॉलिसीची सगळी पानं वाचली. जोडकलमं होती तीन: झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई), रस्त्यावरची मदत आणि चावी हरवल्यास भरपाई. राहतो दर पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला आणि विमा उतरवलाय चावी हरवण्याचा!

डीलरकडे गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, पॅकेजमध्ये हेच येतं." मी विचारलं, पॅकेज ठरवतं कोण? ती गोड हसली आणि पाणी हवंय का म्हणाली. माझी पाण्याची हौस फिटली होती.

आता या धाग्यात सरकारी टेंडर कुठून आलं ते सांगतो. माझा मेव्हणा एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे मुक्कामाला होता. एका सरकारी खात्याच्या कामासाठी त्यांनी टेंडर भरलं होतं आणि ते पहिल्याच, म्हणजे पात्रतेच्या, लिफाफ्यात बाद झालं होतं. वार्षिक उलाढालीची अट शुद्धिपत्रक काढून वाढवली होती, तेही शेवटची तारीख चार दिवसांवर असताना. एकाच डायनिंग टेबलावर मी विमा कंपनीला आणि तो खात्याला शिव्या घालत होतो. मध्येच बायको म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच माणसाबद्दल बोलताय का?"

त्या वाक्यावर मी अडकलोय. माझ्या विम्याचे पैसे मी देतो, पण पॉलिसी निवडतो डीलर, आणि त्याला मोबदला देते कंपनी. सरकारी पोर्टलचे पैसे करदाता देतो, वापरतो कुणी तिसराच, आणि निवडतो असा अधिकारी, जो त्या पोर्टलवर आयुष्यात एकदाही अर्ज भरणार नाही. पैसे एकाचे, निवड दुसऱ्याची, भोग तिसऱ्याचे. अशा ठिकाणी वरून कुणीतरी बघणारा असावा लागतो. तर बघतंय का कुणी? जाणकारांनी लिहावं.

---

भाईंदर फास्ट | सोमवार, रात्री ११:५२

फणसाचं काय झालं?

---

हिंदमाताकर | सोमवार, रात्री ११:५५

फणस सुखरूप. गरे शेजाऱ्यांना वाटले.

---

सर्व्हेयरकाका | मंगळवार, सकाळी ७:१५

मी परवानाधारक सर्व्हेयर आहे, त्यामुळे मला दोन दगड बसणार हे गृहीत धरून लिहितो. माझी फी विमा कंपनी देते. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण धागाकर्त्याच्या यादीत माझंही नाव घाला.

आधी यंत्राचं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरात गेलं आणि पिस्टन वर यायला लागला की पाणी हटत नाही, मग मधला रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. तुमच्या साध्या पॅकेज पॉलिसीत पूर, वादळ, भूकंप, आग, चोरी सगळं येतं. म्हणजे गाडीत पाणी शिरलं हे नुकसान मिळतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी तुम्ही चावी मारून सुरू करायला गेलात आणि रॉड वाकला, तर कंपनी म्हणते हे पुराने केलेलं नाही, तुम्ही केलंत.

इथे एक बारीक गोष्ट आहे. गाडी चालू असताना लाट आली, इनटेकमधून पाणी ओढलं गेलं आणि त्याच क्षणी इंजिन जॅम झालं, तर रॉड चावी फिरवण्याआधीच वाकलेला असू शकतो. तुमचं पहिलंच 'खट्' मला तसं वाटतंय. हा वाद ग्राहक आयोगांपुढे कित्येकदा गेलाय आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेत. रिपोर्टमध्ये इंजिन कसं उघडलं, पाणी कुठल्या सिलिंडरात सापडलं, रॉड किती वाकला हे लिहिलेलं असतं. सर्व्हेयरच्या रिपोर्टची प्रत तुम्हाला मागता येते. शंभरातले नव्वद लोक मागत नाहीत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मी नवा होतो. वर्कशॉपच्या बाहेर रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, आत जागा नाही. सीटखाली मासे सापडलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा इंजिन प्रोटेक्टचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. मुंबईत राहून आज ते न घेणं म्हणजे छत्री घरी ठेवून बाहेर पडण्यासारखं आहे.

---

ठाणेकरीण | मंगळवार, सकाळी १०:०५

काका, फार उपयोगी प्रतिसाद.

माझा अनुभव दुचाकीचा आहे. २०१९ मध्ये स्कूटर घेतली. शोरूमने सांगितलं, "ताई, पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, टेन्शन नाही." मी खरंच टेन्शन घेतलं नाही. २०२२ मध्ये स्टेशनबाहेरच्या पार्किंगमधून स्कूटर गेली. एफआयआर केला, कागद घेऊन कंपनीकडे गेले, तेव्हा कळलं की पाच वर्षं होती ती फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे माझ्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, एकाच वर्षाचं होतं, ते २०२० मध्ये संपलं. चोरी ओन डॅमेजमध्ये येते. मिळाले शून्य रुपये.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि चारचाकीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. हेतू चांगलाच होता, लोक विमा काढतच नाहीत म्हणून. पण शोरूमच्या तोंडी 'पाच वर्षांचा इन्शुरन्स' एवढंच उरलं. सरकारी अॅपवरही विमा वैध दिसत होता, आणि ते चूक नव्हतं! पोलिसाला दाखवायला वैध, चोराला नाही.

---

तीन चाकी | मंगळवार, दुपारी १:३०

रिक्षा आहे माझी, स्वतःची. आम्ही फक्त थर्ड पार्टी भरतो. त्याचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना एकच, म्हणून तिथे कुणी फसवत नाही. फसवणूक जिथे दर मोकळा आहे तिथे. हे लिहून ठेवा.

नंबर प्लेटचं कुणी बोललं नाही. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा प्लेट लावायची. राज्याचे तीन भाग केले, तीन एजन्स्या नेमल्या. तुमची गाडी कुठल्या आरटीओची त्यावर तुमची एजन्सी ठरली. दुचाकीला ४५०, रिक्षाला ५००, चारचाकीला ७४५, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मला ५९०. पैसे माझे, टेंडर सरकारचं. ३१ मार्च २०२५ ची मुदत होती, ती पुढे पुढे गेली. माझी तक्रार नाही, प्लेट लागली. पण धागा याच गोष्टीचा आहे ना?

---

भाईंदर फास्ट | मंगळवार, दुपारी १:४१

तीन चाकी, तुम्ही चार ओळींत धाग्याचं काम केलंत. +१

---

मेजावरची फाईल | मंगळवार, रात्री १०:२०

सरकारी कार्यालयात संगणक विभागात २८ वर्षं काढून निवृत्त झालो. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

हिंदमाताकर विचारतात बघतंय का कुणी. बघतं. महापालिकेचंच घ्या. राज्य सरकारच्या सांगण्यावरून कॅगने मुंबई महापालिकेची विशेष तपासणी केली आणि अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आला. २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातली, नऊ खात्यांची, सुमारे १२,०२४ कोटींची कामं तपासली होती. त्यात २१४ कोटींची कामं निविदा न काढता दिलेली निघाली. ६४ कंत्राटदारांची ४,७५५ कोटींची कामं अशी, की करारच केलेला नाही. रस्ते-पुलांच्या बातम्या झाल्या, पण त्यात संगणकाचंही पान होतं. महापालिकेचा बराचसा कारभार सॅप या प्रणालीवर चालतो. त्या कामाचं सुमारे १६० कोटींचं कंत्राट निविदेशिवाय जुन्याच कंत्राटदाराकडे गेलं, असं कॅगने म्हटलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की 'जुन्याच कंत्राटदाराला' म्हणजे टेबलाखालून काहीतरी. असेलही. पण आतली गंमत वेगळी असते. पंधरा वर्षं एकाच कंपनीने प्रणाली चालवली की सोर्स कोड तिच्याकडे, डेटाबेसच्या चाव्या तिच्याकडे आणि कुठल्या टेबलात काय ठेवलंय हे माहीत असलेली तीन पोरंही तिच्याच पगारावर. खात्याकडे असते फाईल. कंत्राट संपायच्या दोन महिने आधी साहेबांच्या लक्षात येतं, मग मुदतवाढ. नवं टेंडर काढायचं तर आधीच्या प्रणालीचं वर्णन लिहावं लागतं, आणि ते लिहून कोण देणार? तोच कंत्राटदार! मी स्वतः एका टेंडरचा मसुदा तांत्रिक मदतीसाठी एका कंपनीकडे पाठवलाय आणि सहा महिन्यांनी तीच कंपनी पहिली आली आहे. नियम कुठेही मोडला नव्हता. फाईल आजही आरशासारखी स्वच्छ आहे.

तुमच्या मेव्हण्याने जी अट पाहिली तिला आमच्याकडे 'माप घेऊन शिवलेली अट' म्हणत. उलाढाल अमुक, असंच काम तमुक ठिकाणी केल्याचा दाखला, अमुक प्रमाणपत्र. प्रत्येक अट वेगळी वाचली तर रास्त. सगळ्या एकत्र वाचल्या की एकालाच बसतात. लेखापरीक्षक अटी एकेक करून वाचतो.

---

शून्य एक | मंगळवार, रात्री ११:०५

फाईलकाका, जबरदस्त. पण मग उपाय काय, सगळ्यात कमी दरवाल्यालाच द्यायचं? मी त्या बाजूने काम केलंय. एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराची बोली, ठरायला आमच्या कंपनीने निम्म्या किमतीत टेंडर भरलं. काम मिळाल्यावर खात्याने मागितलेला प्रत्येक बदल म्हणजे चेंज रिक्वेस्ट, वेगळ्या पैशांची. बटणाचा रंग बदलणंसुद्धा. दोन वर्षांत रक्कम दुसऱ्या नंबरच्या वर गेली.

---

मेजावरची फाईल | बुधवार, सकाळी ६:५०

झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहितो.

एल-वन वाईट हे सगळ्यांना माहीत आहे. तरी अधिकारी तेच का धरतो? कारण उद्या चौकशी लागली तर 'सर्वात कमी दर होता' एवढं एक वाक्य त्याला वाचवतं. 'दुसरी कंपनी महाग होती पण माणसं हुशार वाटली' असं लिहिणारा अधिकारी मी एक पाहिलाय. त्याची विभागीय चौकशी सात वर्षं चालली. निर्दोष सुटला तेव्हा निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याच्यानंतर त्या कार्यालयात कुणी अक्कल वापरली नाही.

केंद्राच्या अर्थ खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदीच्या सूचना सुधारल्या आणि गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची वाट जास्त कामांना खुली केली. चांगलं आहे. पण गुण देणारा हात थरथरतोच.

म्हणून हिंदमाताकर, तुमच्याशी थोडा असहमत आहे. वरून बघणारा नाही असं नाही. तो फाईल बघतो, संगणकाचा पडदा बघत नाही. मुंबई विद्यापीठाचं २०१७ आठवा. ऑनलाइन पेपर तपासणी एका झटक्यात सगळ्या शाखांना लावली. ४७७ परीक्षा, १७ लाखांवर उत्तरपत्रिका. प्राध्यापकांनी पडद्यावर पेपर तपासायची सवय करायच्या आत निकालाची वेळ आली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून जावं लागलं. निविदा निघाली होती, लिफाफे उघडले होते, दर तपासले होते. एका कॉलेजात महिनाभर चालवून बघा, ही अट मात्र कुठल्या नियमपुस्तकात नव्हती.

---

ठाणेकरीण | बुधवार, सकाळी ९:३०

आयकराचं पोर्टल विसरलात. ७ जून २०२१ ला सुरू झालं, लॉगिन होईना. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी पोर्टल बांधणाऱ्या इन्फोसिसच्या सीईओंना बोलावून घेतलं आणि १५ सप्टेंबरची मुदत दिली. म्हणजे पडदा बघणारं कुणीतरी होतं, पण मंत्र्यांनाच बघावा लागला. आणि तेही करदात्यांनी ट्विटरवर बोंब मारल्यावर.

---

अडगळीतला माणूस | बुधवार, सकाळी ११:१५

सगळे खाजगीच्या नावाने खडे फोडताय. मी आयुष्यभर सरकारी विमा कंपनीकडेच गाडी ठेवली. डीलर नाही, एजंट नाही, फोर्टात जाऊन चेक देतो. सरकारी असली की लबाडी नाही.

---

शून्य एक | बुधवार, सकाळी ११:४०

अडगळीतल्या काकांचा मान राखून एक गोष्ट. केरळ सरकारला गरिबांच्या आरोग्य विम्यासाठी कंपनी निवडायची होती, टेंडर काढलं. स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये निष्कर्ष काढला की चारही सरकारी जनरल विमा कंपन्यांनी आपसात ठरवून बोली लावल्या, आणि एकूण ६७१ कोटींचा दंड केला. अपिलात तो सुमारे दोन कोटींवर आला ही पुढची गंमत. विमा आणि टेंडर एकाच भांड्यात शिजवून दाखवलं होतं.

आता धाग्याच्या दोन टोकांना जोडणारा धागा (श्लेष माफ). तुमची पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी अनोळखी नंबरवरून फोन येतात ना, "सर, आपकी गाडी का इन्शुरन्स"? त्यांना तारीख कशी कळते, असा प्रश्न पडतो. एजंट, डीलर, वेबसाइटवर तुम्ही स्वतः टाकलेला नंबर, वाटा बऱ्याच आहेत. पण एक अधिकृत वाटही होती. आरटीओची नोंद 'वाहन' आणि 'सारथी' या एनआयसीने (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने) बांधलेल्या प्रणालींवर असते. मार्च २०१९ मध्ये रस्ते मंत्रालयाने हा डेटा ठोक विकायचं धोरणच काढलं. व्यापारी संस्थेला वर्षाला ३ कोटी, शिक्षणसंस्थेला ५ लाख. जुलै २०१९ मध्ये गडकरींनी राज्यसभेत सांगितलं की ८७ खाजगी आणि ३२ सरकारी संस्थांना डेटा दिला आणि त्यातून ६५ कोटी मिळाले. आपल्या गाड्यांच्या नोंदी, आपण फी भरून केलेल्या! जून २०२० मध्ये धोरण मागे घेतलं, खाजगीपणाच्या आणि गैरवापराच्या भीतीने. दिलेला डेटा परत आला का, हे विचारायचं नाही.

---

भाईंदर फास्ट | बुधवार, दुपारी १२:०२

६५ कोटीत माझे किती? दोन वडापाव तरी?

---

सर्व्हेयरकाका | बुधवार, रात्री ९:१०

डीलरच्या मुलीवर राग धरू नका, तिच्या वरच्यांवर धरा. इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, २०१७ मध्ये डीलरसाठी नियमावली केली, १ नोव्हेंबरपासून लागू. डीलरला मोटार विमा सेवा पुरवठादार म्हणून नोंदवायचं आणि त्याच्या मेहनतान्याला मर्यादा घालायची: चारचाकीच्या ओन डॅमेज हप्त्यावर साडेएकोणीस टक्के, दुचाकीच्या साडेबावीस. नंतर इर्डाच्याच समितीने शिफारस केली की ग्राहकाने गाडीच्या किमतीत मिसळून नव्हे तर विम्याचा हप्ता वेगळ्या चेकने थेट कंपनीला द्यावा, म्हणजे निदान आपण काय विकत घेतोय ते त्याला दिसेल. २०२३ मध्ये कमिशनवरच्या वेगवेगळ्या मर्यादा गेल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चावर एकच मर्यादा आली.

मर्यादा असतानाही जास्तीचे पैसे जाहिरात, फलक, ट्रेनिंग अशा बिलांतून जायचे. जीएसटीवाल्यांनी नेमकं हेच धरलं: बिल आहे, जाहिरात कुठे आहे? कर खात्याला फलक शोधावे लागले, विमा नियामकाला नाही. मला हे आजही रोचक वाटतं.

हिंदमाताकर, तुम्ही आता हे करा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. रिपोर्टची प्रत मागा. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेतानाच्या अर्जाची, प्रतही मागा, ती कुणीच मागत नाही. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अॅनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात.

---

हिंदमाताकर | बुधवार, रात्री १०:३०

काका, खूप आभार. उद्याच पत्र टाकतो. फाईलकाकांचा 'पडदा बघत नाही' हा मुद्दा पटला. कंपनीकडून मला आलेल्या पत्रालाही तेच लागू आहे. पत्रात कलम क्रमांक बरोबर होता, स्पेलिंग बरोबर होतं, फक्त गाडी चालत नव्हती.

---

हिंदमाताकर | साडेचार महिन्यांनी

धागा वर काढतोय. ज्यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलं त्यांच्यासाठी.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तेच पत्र पुन्हा पाठवलं, फक्त तारीख बदलून. लोकपालांकडे गेलो. सुनावणी व्हिडिओवर झाली, एकूण वीस-बावीस मिनिटं. त्याआधी दोन कागद हातात आले होते. एक, सर्व्हेयरचा रिपोर्ट: 'तिसऱ्या सिलिंडरात पाणी, रॉड वाकलेला, एअर फिल्टर पूर्ण भिजलेला.' गाडी चालू असताना पाणी ओढलं गेलं होतं हे त्यातूनच दिसत होतं. चावीचा उल्लेख होता तो माझ्या फोनवरच्या उत्तराचा. दोन, प्रपोजल फॉर्म. त्यावर माझी सही नव्हती, ओटीपी होता. तो मी गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी हार-पेढ्यांच्या गडबडीत शोरूमच्या पोराला वाचून दाखवला होता. जोडकलमांच्या पानावर इंजिन प्रोटेक्टसमोर 'ग्राहकाने नाकारले' असं होतं. मी नाकारलं! मला कुणी विचारलंच नव्हतं.

लोकपालांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "नाकारल्याचं संभाषण दाखवता का?" तो म्हणाला, डीलरकडे असेल. मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

शेवटी तडजोड झाली. इंजिनाच्या खर्चातले ७८,००० मंजूर. पूर्ण नाही, पण ११,३०० पेक्षा बरे. मी सही केली. लढलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, पण गाडी पाच महिने आच्छादन घालून उभी होती आणि सासरे रोज खिडकीतून बघत होते.

नूतनीकरण या वेळी स्वतः केलं. डीलरच्या आकड्यापेक्षा हप्ता तीन हजारांनी कमी, इंजिन प्रोटेक्टसकट. क्लेम घेतल्यामुळे एनसीबी (क्लेम न घेणाऱ्याला हप्त्यात मिळणारी सूट) गेला तो गेलाच. आणि मेव्हण्याच्या टेंडरचं विचाराल, तर एकच पात्र निविदा उरली म्हणून फेरनिविदा निघाली. उलाढालीची अट तशीच आहे.

---

मेजावरची फाईल | त्याच दिवशी, रात्री ९:४५

मेव्हण्याला सांगा, निविदापूर्व बैठकीला जा आणि प्रश्न लेखी विचार. 'ही अट का?' एवढाच. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते फाईलला लागतं. मला अशा एका प्रश्नाने दोन रात्री जागवलंय.

---

भाईंदर फास्ट | त्याच दिवशी, रात्री ९:५०

'ग्राहकाने नाकारले' हे आता माझं सहीवाक्य.

---

सर्व्हेयरकाका | त्याच दिवशी, रात्री १०:२०

अभिनंदन, धीराने केलंत. पुढच्या पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर चावी काढा आणि सासऱ्यांच्या खिशात ठेवा. चावी हरवल्याचं कलम काढून टाकलंत ना?